मालदांडी शाळेच्या ताटात का पोहोचत नाही? मंगळवेढ्याचं एक प्रकरण, जिल्ह्याच्या अकरा आमदारांसाठी

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट साठच्या आसपास. शाळेच्या मागच्या बांधापासून काळं रान सुरू होतं आणि रब्बीत तिथं मालदांडी ज्वारीशिवाय दुसरं फारसं काही दिसत नाही. याच तालुक्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज राज्यभर पेरला जाणारा ‘एम 35-1’ हा वाण 1930च्या दशकात इथून जवळच, मोहोळच्या संशोधन केंद्रात, मालदांडीतूनच निवडला गेला. आणि या शाळेत दुपारी शिजतो तो तांदूळ. तो येतो अन्न महामंडळाच्या गोदामातून, ट्रकने, सगळ्या जिल्ह्याला मिळून एकसारखा.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. प्रश्न त्या गावाचा नाही, तिथल्या मुख्याध्यापकांचा तर नाहीच. त्यांनी जमेल ते केलं. आम्ही काही पालक, शिक्षक आणि शेतकरी मिळून जिल्ह्यातल्या आमदारांना एक निवेदन देतो आहोत आणि हे लेखन त्या निवेदनामागचा सगळा हिशेब आहे. ज्यांना आपापल्या तालुक्यातून असंच काही मांडायचं आहे त्यांनी यातलं हवं ते उचलावं.

घडलं काय

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका शेतकरी सदस्याने साधा प्रस्ताव ठेवला. आठवड्यातून एक दिवस पोरांना भाकरी आणि आमटी द्यावी, ज्वारी गावातूनच घ्यावी. त्यांचे शब्द असे होते: “गुरुजी, आमची ज्वारी आडतीवरनं पुण्या-मुंबईला जाती आन् आमचंच पोरगं शाळंत भात खाऊन घरी येतं.” प्रस्ताव कुणालाच चुकीचा वाटला नाही. अडचण पुढे आली ती अशी.

शालेय पोषण आहारात धान्य केंद्राकडून येतं, प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम, उच्च प्राथमिकला 150 ग्रॅम. ते मोफत आहे, पण धान्याच्या रूपातच. त्या 100 ग्रॅम तांदळाचे पैसे शाळेच्या हातात येत नाहीत की त्यातून दुसरं धान्य घेता येईल. शाळेसाठी जो रोख खर्च ठरतो तो डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांचा. मे 2025 पासून त्याचा दर प्राथमिकला दर मुलामागे दर दिवशी 6 रुपये 78 पैसे आहे आणि उच्च प्राथमिकला 10 रुपये 17 पैसे. त्यातला 60 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांत डाळ-तेल-भाजी बसवतानाच तारांबळ होते. त्यातून ज्वारी विकत घ्यायची म्हणजे आमटीतली डाळ कमी करायची. समितीने ते केलं नाही आणि बरोबर केलं.

मग लोकवर्गणीचा पर्याय निघाला. गावाने पहिल्या काही आठवड्यांची ज्वारी दिलीसुद्धा. पण वर्गणीवर चालणारी गोष्ट सुगीत चालते आणि उन्हाळ्यानंतर थांबते. ती थांबली. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने शालेय आहारातल्या अंड्यांसाठी आणि गोड पदार्थांच्या साखरेसाठी दिला जाणारा वेगळा निधी बंद केला, तेव्हाही शाळांना हेच सुचवलं गेलं होतं की लोकसहभागातून करा. ज्या गावात लोकांकडे देण्यासारखं आहे तिथं मुलांना अंडं मिळेल आणि जिथं नाही तिथं मिळणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. सार्वजनिक अन्नाची जबाबदारी अशी गावाच्या ऐपतीवर सोडता येत नाही, हे आमचं ठाम म्हणणं आहे.

अडचण शेतात नाही, कॅलेंडरमध्ये आहे

या प्रकरणात आम्ही सर्वांत जास्त वेळ ज्यावर घालवला तो मुद्दा इथे सविस्तर मांडतो, कारण कोणत्याही चर्चेत तो येत नाही.

मालदांडी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वापसा बघून, म्हणजे रान पेरणीजोगं झालं की, पेरली जाते. पाऊस संपल्यावर काळ्या रानात जी ओल राहते तिच्यावर ती वाढते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा, म्हणून इथल्या माणसाने हे पीक निवडलं. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. ती हाताने उपटून करावी लागते, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. मळणी झाली की शेतकऱ्याला लगेच पैसे लागतात: मजुरांचे, मळणीयंत्राचे, सोसायटीच्या कर्जाचे. 31 मार्चच्या आत पीककर्ज फेडलं तर व्याज सवलत टिकते.

आता सरकारचं वर्ष बघा. तेही 31 मार्चलाच संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणत्याही विभागाकडे नव्या खरेदीसाठी पैसा उरलेला नसतो. नव्या वर्षाचा निधी प्रत्यक्ष तालुक्यापर्यंत यायला जून उजाडतो. शाळाही जूनमध्येच उघडते. म्हणजे ज्वारी खळ्यावर असते तेव्हा सरकारी पैसा नसतो आणि सरकारी पैसा येतो तेव्हा ज्वारी आडत्याच्या गोदामात गेलेली असते. हमीभावाच्या खरेदी केंद्रांचंही बहुतेक वेळा हेच होतं. नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, बारदाना हे सगळं जुळून येईपर्यंत लहान शेतकऱ्याने माल विकलेला असतो.

त्यात दराचा पेच. 2025-26 साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये आहे. पण चांगल्या प्रतीच्या मालदांडीला सोलापूर, बार्शी, मंगळवेढ्याच्या बाजारात अनेकदा त्याहून जास्त दर मिळतो. तेव्हा फक्त हमीभावाने खरेदी करू असं म्हणणारी योजना या भागात कागदावरच राहणार. दर ठरवताना हमीभाव किंवा त्या पंधरवड्याचा बाजार समितीतला सरासरी दर, यातला जो जास्त असेल तो, असं स्पष्ट लिहावं लागेल. आणि वरच्या फरकाचा भार राज्याने उचलावा लागेल, कारण केंद्राचा हिशेब हमीभावावर थांबतो.

इथं उसाशी तुलना करायलाच हवी. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमेच्या दोन्ही काठांनी ऊस पसरला. आज साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर आहे. शेतकरी उसाकडे वळला तो पाण्याच्या हव्यासापोटी, असं शहरात बसून बोललं जातं. ते अन्यायाचं आहे. उसाला कायद्याने ठरलेला खरेदीदार आहे. केंद्र दरवर्षी एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा उसाचा किमान दर, जाहीर करतं आणि 1966च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. कारखान्याने ते थकवले तर शेतकरी त्याच आदेशाकडे बोट दाखवून रस्त्यावर उतरू शकतो. ज्वारीवाल्याने कुणाकडे बोट दाखवायचं? कमी पाण्यात येणारं, जनावराला कडबा देणारं, माणसाच्या पोटाला भाकरी देणारं पीक घेणाऱ्याच्या पाठीशी एकही हक्काचा ग्राहक नाही. शाळा आणि अंगणवाडी हा तो ग्राहक होऊ शकतो, आणि तो गावातच आहे.

भाकरी थापणार कोण?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक कार्यालयात विचारला गेला, आणि प्रश्न खरा आहे. साठ मुलांना ताज्या भाकरी म्हणजे शे-सव्वाशे भाकरी. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं. तेवढ्या पैशात खिचडी शिजवून, भांडी घासून त्या घरी जातात, तिथून मजुरीला जातात. त्यांच्यावर भाकरी लादण्याचा विचारही आम्हाला मान्य नाही.

उत्तर सोलापुरातच आहे. कडक भाकरी. पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पूर्ण वाळवलेली भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. जिल्ह्यात कितीतरी घरांत आणि बचत गटांत बायका हा व्यवसाय करतात, शेंगा चटणीबरोबर तिची पाकिटं पुण्या-मुंबईच्या दुकानांत जातात. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडवट होतं, पण भाकरी कडक करून ठेवली तर तो प्रश्न राहत नाही. गरम आमटीत चुरून पोरं ती आवडीने खातात, गावात जे काही आठवडे प्रयोग चालला तेव्हा हे दिसलं. पहिल्या दिवशी काही मुलांनी भात मागितला, हेही खरं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला कुणी मागितला नाही.

म्हणजे साखळी अशी बनते: गावातला किंवा शेजारच्या गावातला शेतकरी, त्याची ज्वारी गोळा करून साफ करणारी शेतकरी उत्पादक कंपनी, भाकरी करणारा महिला बचत गट, आणि शाळा. यातला प्रत्येक दुवा आज अस्तित्वात आहे. सप्टेंबर 2021 मध्ये केंद्राने पीएम पोषण योजना मंजूर केली, त्यातही शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामील करून घ्यावं, स्थानिक पारंपरिक अन्न वापरावं, असं नमूद आहे. म्हणजे परवानगीची अडचण नाही. फक्त त्यासाठी पैसे कुणी ठेवलेले नाहीत.

किती पैसे?

आधी एका शाळेचा हिशेब. वर्षातले 40 आठवडे, आठवड्यातून एक दिवस, मुलामागे 100 ग्रॅम. म्हणजे एका मुलाला वर्षाला 4 किलो ज्वारी. साठ मुलांना 240 किलो, अडीच क्विंटलला थोडी कमी. कोरडवाहू मालदांडीचा उतारा एकरी चार क्विंटल धरला तर या शाळेची वर्षभराची गरज एका एकराच्या आतच भागते. क्विंटलला 4500 रुपये दर धरला तर वर्षाची ज्वारी 10,800 रुपयांची. हा आकडा ऐकून बैठकीत सगळे गप्प झाले. एवढ्या पैशासाठी हे अडलं आहे?

आता एक लाख मुलं धरू. ज्वारी 4000 क्विंटल, सुमारे एक हजार एकरांचं पीक, किंमत 1 कोटी 80 लाख. मुलामागे दोन कडक भाकरी आणि एका भाकरीची मजुरी, जळण, पाकीट मिळून 5 रुपये धरले तर वर्षाला 4 कोटी. वाहतूक, साठवण आणि प्रत तपासणी जोडून एकूण साडेसहा कोटींच्या घरात. हे आमचे अंदाज आहेत. अधिकाऱ्यांनी ते तपासावेत, दर बदलून पाहावेत, पण आकड्याचा आवाका यातून कळतो. शिवाय त्यातला मोठा भाग बायकांच्या हातात मजुरी म्हणून जातो आणि तालुक्यातच राहतो.

शेजारी ठेवून बघायचा आकडा: 2023-24च्या अर्थसंकल्पात, जागतिक भरडधान्य वर्षाच्या निमित्ताने, राज्याने भरडधान्य अभियानासाठी 200 कोटी रुपये आणि सोलापुरात श्री अन्न उत्कृष्टता केंद्र जाहीर केलं. त्या वर्षाअखेरीस केंद्र बारामतीला हलवण्याचा निर्णय आला आणि जिल्ह्यात मोठा रोष उसळला. तो रोष रास्त होता. तरीही माझं मत सांगतो: केंद्राची इमारत कुठे असावी यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या दशांशानेही ज्वारी विकत कोण घेणार यावर बोललं गेलं नाही. संशोधन तर सोलापुरात आधीपासून आहे, रब्बी ज्वारीचं राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र इथं काम करतं. कमतरता ग्राहकाची आहे.

दुसरीकडे हे झालं आहे

आमच्या दक्षिण सीमेला लागून विजयपुरा आणि कलबुर्गी. तीच काळी जमीन, तीच भाकरी. कर्नाटकाने उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी दिली आहे. ओडिशाने 2017 मध्ये आदिवासी भागात भरडधान्य अभियान सुरू केलं, शेतकऱ्याकडून नाचणी हमीभावाने घेतली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना तिचे लाडू दिले. पेरणीपासून ताटापर्यंत सगळं एकाच योजनेत ठेवलं, म्हणून ते उभं राहिलं. तमिळनाडूने 2022 पासून शाळेत सकाळची न्याहारी सुरू केली, ती राज्याच्या स्वतःच्या पैशातून. ब्राझीलने तर 2009 मध्ये कायदाच केला की शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के भाग लहान शेतकरी कुटुंबांकडून थेट खरेदीवर खर्च व्हावा.

मंगळवेढ्याला हे नवं नाही. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचं इथलं धान्याचं कोठार भुकेल्यांसाठी खुलं केलं, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्या कथेत धान्य तालुक्यातलं होतं आणि खाणारेही. आमची मागणी त्याहून सोपी आहे, कारण आज कोठार लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या ताब्यात आहे.

आमदारांनी नेमकं काय करायचं

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत. आमदारांकडे गेलं की पहिला प्रतिसाद बहुधा असा असतो: “माझ्या निधीतून काहीतरी बघू.” साहेबांचा हेतू चांगला असतो, पण स्थानिक विकास निधी सभामंडप, रस्ता, खोली अशा टिकाऊ कामांसाठी असतो. दरवर्षी धान्य घेण्याचा खर्च त्यात बसत नाही. म्हणून आम्ही आमदार निधी मागत नाही. सभागृहात बोला, असं म्हणतो.

मागणी अशी: शालेय पोषण आहार आणि अंगणवाडीसाठी स्थानिक धान्य खरेदीचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचं वेगळं खातं, उघडावं आणि त्यात एकदाच भरलेला, वर्षाअखेरीस परत न जाणारा फिरता निधी ठेवावा. तो जिल्हास्तरावर असावा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरच खरेदी होईल आणि जूननंतर शाळांना पुरवठा होईल तसतसा विभागाकडून निधी भरून येईल. शेतकऱ्याला माल मोजल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावेत, उसाला जो नियम आहे तोच. तरतूद किमान तीन वर्षांची असावी, कारण एका वर्षाच्या घोषणेवर कुणी पेरणी बदलत नाही आणि बचत गट भट्टी विकत घेत नाही.

आणि ही मागणी फक्त सोलापूरची म्हणून मांडू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. एका जिल्ह्याचं म्हणणं बाजूला सारणं सोपं असतं. कोकणात आणि कोल्हापूरच्या डोंगरात नाचणी आहे, नाशिक-नंदुरबारकडे वरई, भंडारा-गोंदियाला स्वतःचा भात. ‘जिल्ह्याचं धान्य जिल्ह्याच्या शाळेत’ असं मांडलं तर तिथले आमदार सोबत येतील. पक्षाचा प्रश्न यात कुठेच येत नाही.

तिजोरीत पैसा नाही, हा आक्षेप येणारच. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर राज्याने 31,628 कोटींचं मदत पॅकेज जाहीर केलं. ती मदत हवीच होती, कुणीही तिच्याविरुद्ध बोलू नये. पण नुकसान झाल्यावर मदत आणि नुकसान होण्याआधी हक्काचा ग्राहक, या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला लागतात. दुसरीसाठी लागणारी रक्कम पहिलीच्या तुलनेत फार लहान आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: स्थानिक खरेदीत प्रत सांभाळली जाणार नाही, गैरव्यवहार होईल. ही भीती आम्हालाही आहे. म्हणून खरेदीची यादी, दर, वजन आणि शेतकऱ्याचं गाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं आणि प्रत्येक खेपेचा नमुना शाळेत ठेवावा, असं निवेदनात लिहिलं आहे. आपल्या गावची ज्वारी कशी असते हे ओळखणारी माणसं शाळेच्या समितीत बसलेली असतात. लांबून आलेल्या पोत्यात काय निघालं तर तक्रार कुणाकडे करायची, हे मात्र आज त्यांना कळत नाही.

निवेदन येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी अकराही आमदारांकडे जाईल. प्रत्येकाकडे तीन गोष्टी मागितल्या आहेत: शिक्षण आणि महिला-बालविकास विभागांच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा या लेखाशीर्षाचा उल्लेख, मागच्या तीन वर्षांत भरडधान्य अभियानाचा किती पैसा प्रत्यक्ष धान्यखरेदीवर गेला याबद्दल तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं), आणि इतर जिल्ह्यांतल्या किमान दोन आमदारांची संयुक्त पत्रावर सही. ज्या शाळा समित्यांना यात यायचं आहे त्यांनी ठराव करून त्यात चार आकडे लिहावेत: शाळेचा पट, गावातलं ज्वारीचं क्षेत्र, जवळच्या बचत गटाची भाकरी करण्याची क्षमता आणि मार्चमधला बाजारातला दर. ठरावाची एक प्रत पंचायत समितीला आणि एक आपल्या आमदारांच्या कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी.